टाकीत वायू किती उरला?



तुम्ही अक्षरे शिकलात, अंक शिकलात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार थोडाफार येऊ लागला. आता त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर काय सांगाल? आम्ही म्हणतो, लोखंडाच्या टाकीकडे बोट दाखवा. त्या टाकीच्या आत डोळा जात नाही. आत काय आहे ते अंकच सांगतात. ज्याला अंक वाचता येतात त्याला टाकी फसवू शकत नाही.

ही टाकी कोणती? नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात उंच, जड टाकी साखळीने भिंतीला बांधलेली असते, ती. पुस्तकात तिला सिलिंडर म्हणतात. आपण टाकीच म्हणू.

टाकीतला वायू करतो काय?

उसाची ट्रॉली, विहिरीवरचा मोटारीचा सांगाडा, गोठ्याचे फाटक, ही सगळी कामे वेल्डिंगने होतात. विजेच्या ठिणगीने लोखंड वितळते आणि दोन तुकडे एकजीव होतात. पण वितळलेल्या लोखंडाला आपली साधी हवा सोसत नाही. हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू त्या रसात शिरतात. रस थिजला की आत बारीक बारीक भोके राहतात. आंबोळीला जाळी पडते ना, तशी. आंबोळीला जाळी शोभते, बरं का, लोखंडाला नाही!

म्हणून कारागीर त्या रसावर दुसऱ्या वायूचे पांघरूण घालतो. तारेच्या वेल्डिंगला बहुधा कार्बन डायऑक्साइड वापरतात. दुकानात त्याला सीओटू म्हणतात. सोड्याच्या बाटलीतून जे बुडबुडे येतात तोच हा वायू. दुसरा वायू आर्गॉन. स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम यांच्या कामाला तो लागतो. १८९४ साली रॅले आणि रॅम्से या दोन शास्त्रज्ञांनी तो हवेतून शोधून काढला. आर्गॉन या ग्रीक शब्दाचा अर्थ आळशी. तो कोणाशी मिसळत नाही, जळत नाही, गंजवत नाही. माणूस आळशी असला तर घर बुडते. हा वायू आळशी आहे म्हणूनच कामाला येतो!

वायू संपला तर काय बिघडते?

समजा, संध्याकाळची वेळ आहे. ट्रॉलीचा हूक जोडायचा राहिला आहे. गिऱ्हाईक दारात उभे आहे. अशात टाकी संपत आली. कारागिराने तसेच काम रेटले. जोडाला जाळी पडली. मग त्यावर ग्राइंडर फिरवला, वरून रंग मारला. जोड कसा दिसतो? अगदी झकास!

पण पुढे काय? ट्रॉलीत उसाच्या मोळ्या रचल्या. चढ आला. हुकावर सगळा भार आला आणि आतली जाळी फुटली. ट्रॉली मागे सरकू लागली. मागे बैलगाडी असेल, सायकलवरची पोरे असतील. आता सांगा, वाचवलेली वीस मिनिटे कितीला पडली?

म्हणून टाकी संपते कधी हे कारागिराने ओळखले पाहिजे. आणि काम करून घेणाऱ्यानेही ते जाणले पाहिजे.

टाक्या दोन जातीच्या

आता मुख्य गोष्ट. इथे नीट ध्यान द्या. वायूच्या टाक्या दोन जातीच्या असतात.

पहिली जात ट्रॅक्टरच्या चाकासारखी. चाकात हवा दाबून भरलेली असते. थोडी सोडली की दाब थोडा उतरतो. अर्धी सोडली की अर्धा उतरतो. आर्गॉनची टाकी अशी असते. प्राणवायूची म्हणजे ऑक्सिजनचीही अशीच. आत सगळा वायूच वायू, दाबून भरलेला.

दुसरी जात झाकण घातलेल्या पातेल्यासारखी. पातेल्यात पाणी उकळते आहे. पाणी अर्धे असो की बोटभर, वाफ झाकण उडवते ती सारख्याच जोराने. झाकणाकडे पाहून पाणी किती उरले ते कळत नाही. सीओटूची टाकी अशी असते. घरातली स्वयंपाकाच्या गॅसची टाकीही अशीच. तिच्यात वायू दाबून त्याचा द्रव केलेला असतो. खाली द्रव, वर वायू. वरचा वायू वापरला की खालचा द्रव उकळून त्याची जागा भरतो.

पहिल्या जातीची टाकी काट्यावर वाचावी. दुसऱ्या जातीची टाकी वजनावर वाचावी. हा आजच्या धड्याचा गाभा.

काट्यावरचे गणित

टाकीच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो. त्यावर घड्याळासारखी तबकडी असते. तिचा काटा टाकीतला दाब दाखवतो. बाजूला दुसरी तबकडी किंवा काचेची उभी नळी असते. नळीत लहानशी गोळी तरंगते. मिनिटाला किती लिटर वायू बाहेर जातो ते ती गोळी दाखवते. दोन्हींची गल्लत करू नका. एक सांगते शिल्लक किती, दुसरी सांगते खर्च किती. घरखर्चाच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात ना, तसेच हे.

आर्गॉनच्या मोठ्या टाकीत साधारण ४७ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. भरताना दाब १५० च्या आसपास असतो. आता गुणाकार करा.

४७ गुणिले १५० बरोबर ७,०५०.

म्हणजे बाहेरच्या मोकळ्या हवेत मोजला तर सुमारे सात हजार लिटर वायू टाकीत आहे. काही दिवस काम केले. काटा ६० वर आला.

४७ गुणिले ६० बरोबर २,८२०.

मिनिटाला १२ लिटर वायू जात असेल तर भागाकार करा.

२,८२० भागिले १२ बरोबर २३५ मिनिटे.

म्हणजे चार तासांना पाच मिनिटे कमी. यातही टाकी अगदी कोरडी करायची नसते, म्हणून साडेतीन तासच धरा. उद्या सकाळी पाच तासांचे काम असेल तर आजच दुसरी टाकी मागवा. झालं! तर्क नको, अंदाज नको.

एक बारीक गोष्ट. टाकी उन्हात तापली की काटा थोडा चढतो. २७ अंशांना १५० दाखवणारा काटा ४२ अंशांना १५७ च्या पुढे जातो. वायू मात्र तेवढाच असतो. तापल्यामुळे चढलेला काटा म्हणजे वाढलेली शिल्लक नव्हे.

सीओटूचा काटा का फसवतो?

आता सीओटूच्या टाकीकडे या. समजा, टाकीत ३० किलो वायू आहे. हवा २५ अंश आहे. काटा ६४ च्या आसपास दिसेल. पाच किलो वापरा. काटा तिथेच! दहा किलो वापरा. काटा तिथेच! नवखा मदतनीस म्हणतो, “दादा, टाकी अजून भरलेली दिसतेय.” ती भरलेली नसते. पातेल्याचे झाकण उडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग काटा उतरतो कधी? खालचा द्रव पुरा संपला म्हणजे. ४७ लिटरच्या टाकीत त्या वेळी सुमारे ११ किलो वायू उरलेला असतो. म्हणजे ३० पैकी १९ किलो खर्च झाले तरी काटा काही सांगत नाही. त्यानंतर मात्र तो झपाट्याने उतरू लागतो.

हवा गार असेल तर काटा मुळातच खाली असतो. २० अंशांना तो ५७ च्या आसपास असतो. थंडीच्या पहाटे काटा खाली दिसला म्हणून टाकी रिकामी समजू नका. जोराचे काम चालू असतानाही टाकी गार पडते आणि काटा थोडा उतरतो. काम थांबवले की पुन्हा चढतो.

उन्हाळ्यात आणखी गंमत. ३१ अंशांच्या वर सीओटू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. थॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञाने १८६९ साली हे जगापुढे मांडले. म्हणून आपल्याकडे वैशाखात काटा फार चढतो, शंभराच्याही वर जातो. तो पहिल्या दिवसापासून उतरतोही, पण वायूच्या हिशेबाने उतरत नाही. त्यावर भरवसा ठेवू नये. टाकी सावलीत ठेवावी.

मग खरा काटा कोणता?

धान्य मोजायचा काटा! म्हणजे वजनकाटा.

टाकीच्या खांद्यावर अंक कोरलेले असतात. त्यात रिकाम्या टाकीचे वजन असते. आता ते तुम्हाला वाचता येते. समजा, ५२ किलो कोरले आहे. टाकी वजनकाट्यावर उभी करा. रेग्युलेटर आणि नळी आधी काढून ठेवा. वजन भरले ६४ किलो.

६४ वजा ५२ बरोबर १२ किलो वायू शिल्लक.

एक किलो सीओटूचा मोकळ्या हवेत सुमारे ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला १२ लिटर खर्च असेल तर एक किलो ४५ मिनिटे पुरतो. बारा किलो म्हणजे नऊ तास. हे नऊ तास ठिणगी पेटती असतानाचे, दुकान उघडे असतानाचे नव्हेत. एवढे साधे आहे.

नवी टाकी घेतानाही हेच करा. वजन करा, रिकाम्या टाकीचे वजन वजा करा, आणि मग पैसे मोजा. टाकी हलवून पाहणे, ठोकून आवाज ऐकणे, हे सगळे तर्काचे खेळ आहेत.

वायू संपत आल्याच्या खुणा

काम चालू असताना कारागिराला कान आणि डोळे असतात. वायू नीट येत असला की कढईत तळण पडावे तसा एकसारखा आवाज येतो. वायू तुटला की ओली लाकडे तडतडावीत तसा आवाज होतो. ठिणग्या चहूकडे उडतात. जोड काळपट पडतो, त्यावर भोके दिसतात. काचेच्या नळीतली गोळी खाली बसते.

पण थांबा! या खुणा दिसल्या म्हणजे टाकी रिकामीच झाली, असे नाही. घरात दिवा गेला तर आपण आधी बटण पाहतो, मग फ्यूज, मग शेजाऱ्याचे घर पाहतो. तसे क्रमाने पाहावे.

१. टाकीची चावी उघडी आहे का? चावी बंद असली तरी काट्यावर जुना दाब अडकून राहतो आणि काटा खोटे बोलतो. चावी उघडताना हळू उघडावी, आणि तबकडीच्या समोर उभे राहू नये.

२. रेग्युलेटरवर बर्फ धरला आहे का? सीओटू बाहेर पडताना फार गार होतो. त्यामुळे वाट गोठते आणि भरल्या टाकीतूनही वायू येत नाही. यासाठी विजेचा हीटर लावलेला असतो. तो चालू आहे का ते पाहा. गोठलेल्या रेग्युलेटरला ज्योत कधीही लावू नका. काम थांबवा, कोमट पाण्याचे फडके ठेवा.

३. रबरी नळी कुठे दबली, फाटली आहे का? सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की गळती आहे.

४. टॉर्चच्या तोंडात लोखंडाचे कण साठले आहेत का?

५. वारा लागतो आहे का? पंखा बंद करा, आडोसा करा. वायूचे पांघरूण वाऱ्याने उडते.

६. लोखंडावर गंज, तेल, रंग आहे का? त्यानेही भोके पडतात.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही तर वजन करा. टाकी संपली असेल तर काम तिथेच थांबवा. भोके पडलेला जोड घासून पुरता काढून टाका आणि नव्या टाकीवर पुन्हा जोडा. वरून नवा थर देऊन आतली जाळी झाकू नका. रंगाने डोळे फसतात, भार फसत नाही.

रिकामी टाकी ठेवावी कशी?

टाकी अगदी शेवटच्या श्वासापर्यंत रिकामी करू नये. थोडा दाब आत ठेवावा आणि चावी घट्ट बंद करावी. नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पुढच्या भरणीत ओल येते. टोपी बसवावी. खडूने मोठ्या अक्षरांत “रिकामी” असे लिहावे. भरलेल्या टाकीवर “भरलेली” असे लिहावे. आता तुम्हाला लिहिता येते. हे दोन शब्द दुकानात रोज उपयोगी पडतील. रिकामी टाकीही साखळीने बांधूनच ठेवावी. पन्नास किलोची टाकी पायावर पडली तर ती रिकामी होती म्हणून हाड वाचत नाही.

रात्री भरलेली ठेवलेली टाकी सकाळी रिकामी दिसली तर आनंदाने दुसरी जोडू नका. आधी विचारा, वायू गेला कुठे? सीओटू हवेहून दीडपट जड असतो. आर्गॉनही हवेहून जड. हे वायू खड्ड्यात, तळघरात, बंद टाक्यात साठतात. तिथे उतरलेल्या माणसाला श्वासाला हवा मिळत नाही आणि तो क्षणात कोसळतो. आर्गॉनला तर वासही नाही, रंगही नाही. अशा जागी आधी दारे उघडा, खेळती हवा येऊ द्या. कोणी आत पडला असेल तर त्याच्या मागोमाग उडी घेऊ नका. एकाच्या मागे दोन जीव जातात. बाहेरून हवा सोडा आणि मदत बोलवा.

घरच्या टाकीला हाच नियम

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, “गुरुजी, हे सगळे लोहाराघरचे झाले. आमच्या चुलीचे काय?” तुमच्यासाठीही हेच गणित आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची टाकी पुष्कळ गरीब घरांत पोचली. ही टाकी दुसऱ्या जातीची, द्रवाची. म्हणून ती वजनावर वाचावी.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकामे वजन लिहिलेले असते. समजा, ते १५.३ किलो आहे.

१५.३ अधिक १४.२ बरोबर २९.५ किलो.

टाकी घरी आली की एवढे वजन भरले पाहिजे. वजन करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. लाजू नका.

पुढे एक दिवस वजन केले, ते १९.३ किलो भरले.

१९.३ वजा १५.३ बरोबर ४ किलो शिल्लक.

तुमच्या घरी टाकी ४० दिवस जात असेल तर ४ किलो गॅस सुमारे ११ दिवस पुरेल. घरी लग्न असेल, बाळंतीण असेल, तर आजच नंबर लावा.

वजनकाटा जवळ नसला तर एक घरगुती युक्ती आहे. ओले फडके टाकीवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. थोड्या वेळाने वरचा भाग आधी सुकेल आणि खालचा ओला राहील. जिथे ओल राहिली तिथपर्यंत द्रव आहे. टाकी आडवी करणे, हलवणे, गरम पाण्यात ठेवणे, हे प्रकार मात्र जिवावर बेततात. ते कधीही करू नयेत.

वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. बी २८ असेल तर २०२८ सालच्या जूनअखेर त्या टाकीची तपासणी व्हायची आहे. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका.

आजाऱ्याच्या उशाशी

२०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या टाक्या घराघरांत आल्या. माणसे टाकीजवळ रात्र रात्र जागत होती. प्राणवायूची टाकी पहिल्या जातीची, काट्यावर वाचायची. दहा लिटरच्या टाकीचा काटा १५० वर असेल तर १,५०० लिटर वायू. डॉक्टरांनी मिनिटाला ५ लिटर सांगितले असेल तर ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास. काटा ५० वर आला की शंभर मिनिटे उरली. दुसरी टाकी आणायला दोन तास लागत असतील तर काटा ५० वर येईपर्यंत वाट पाहून चालेल का? हा भागाकार ज्याला येतो, तो वेळेवर निघतो. प्राणवायूच्या टाकीच्या चावीला तेल, वंगण लावू नये आणि जवळ विडीकाडी पेटवू नये. प्राणवायूत तेल भडकते.

म्हणून आम्ही म्हणतो, अंक ही केवळ परीक्षेची विद्या नव्हे.

ध्यानात ठेवा

दाबून भरलेला वायू काट्यावर वाचावा. द्रव असलेली टाकी वजनावर वाचावी. टाकी संपल्याची खूण दिसली तर आधी चावी, हीटर, नळी, तोंड आणि वारा पाहावा. जाळीचा जोड झाकू नये, काढून टाकावा.

अभ्यास

१. आर्गॉनची टाकी ४७ लिटरची आहे. काटा ३० वर आहे. किती लिटर वायू उरला? मिनिटाला १० लिटर खर्च झाला तर तो किती मिनिटे पुरेल?

२. सीओटूच्या टाकीवर ५४ कोरले आहे. वजन ६२ किलो भरले. वायू किती उरला?

३. सीओटूचा काटा ६४ वर आहे. टाकी भरलेली आहे असे खात्रीने म्हणता येईल का? का नाही?

४. तुमच्या घरच्या गॅसच्या टाकीवरचे रिकामे वजन आणि तपासणीचे साल वाचा व वहीत लिहा. शेजारच्या घरीही वाचून दाखवा.